व्हॅली ऑफ फ्लॉवर्स आणि हेमकुंड: सगळं घर घेऊन निघण्याआधी

उत्तराखंडातली फुलांची ही दरी आणि हेमकुंडचा डोंगरावरचा गुरुद्वारा बघायला जाणाऱ्या तरुण, धडधाकट ट्रेकरांसाठी याद्या पुष्कळ आहेत. ही यादी ज्यांच्या गटात साठी उलटलेली मावशी, गुडघे धरलेले काका, आठ-नऊ वर्षांचं पोर आणि दर रविवारी राजमाचीला पळणारे दोन भाचे आहेत, त्यांच्यासाठी. त्यामुळे बुटांपासून सुरुवात करत नाही. आधी एक कागद घ्या आणि लिहा: वाटेत कोणी मागे फिरलं तर त्याच्याबरोबर कोण फिरणार? नाव लिहा. 'तेव्हाचं तेव्हा बघू' चालणार नाही. मागच्या खेपेला आम्ही सुंठेपासून सुईदोऱ्यापर्यंत सगळं नेलं होतं, फक्त हे ठरवलं नव्हतं. हेमकुंडच्या चढावर मावशीचं डोकं दुखायला लागलं, सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले, शेवटी तीच म्हणाली, "तुम्ही जाऊन या, मी बसते इथे." आणि आम्ही गेलो. खोलीची किल्ली आणि औषधांची पिशवी दोन्ही पुढे पळालेल्या भाच्याच्या सॅकमध्ये. मावशी सुखरूप उतरली, पण ती आमची हुशारी नव्हे.

आता तारखा. व्हॅली १ जून ते ३१ ऑक्टोबर उघडी असते. फुलं खरी भरात येतात ती जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, आणि नेमका तेव्हाच ऋषिकेश-जोशीमठ रस्ता ठिकठिकाणी खाली येत असतो. पिपळकोटी आणि जोशीमठच्या मध्ये पागल नाला नावाची जागा आहे. नावावरून काय ते समजा. ऋषिकेशहून जोशीमठ अडीचशे किलोमीटर, म्हणजे सगळा दिवस गाडीत, तोही रस्ता चालू असला तर. म्हणून जाताना एक आणि येताना एक दिवस मोकळा ठेवाच. 'सुट्टी मिळत नाही' म्हणणाऱ्यांनी सप्टेंबरचा पहिला आठवडा बघावा. फुलं कमी होतात, पाऊसही ओसरायला लागतो. रेल्वेचं आगाऊ आरक्षण आता ६० दिवसांवर आलंय, तेव्हा कॅलेंडरवर खूण करा. चारधामसाठी उत्तराखंड सरकारची जी ऑनलाइन नोंदणी असते, तीत हेमकुंडही येतं. घरूनच करून घ्या, प्रत्येकाची.

उंचीबद्दल सह्याद्रीवाल्यांशी फार वाद घालावा लागतो. "आम्ही हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने केलाय." केला असेल. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटरवर संपतं आणि गोविंदघाट, जिथे तुम्ही गाडीतून नुसते उतरता, तेच अठराशेच्या आसपास आहे. घांघरिया, म्हणजे जिथून व्हॅली आणि हेमकुंड दोन्हीकडे जायचं ते मुक्कामाचं गाव, तीन हजाराच्या थोडं वर, हेमकुंड ४३०० च्या आसपास. विरळ हवेला मांड्यांची ताकद कळत नाही. उलट भरभर चढणारा तरुणच आधी आडवा होतो, कारण दमून थांबायची त्याला सवय नसते. जोशीमठला (आता कागदोपत्री ज्योतिर्मठ) एक रात्र घाईची नको, दोन काढा. घांघरियाला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी व्हॅली आणि तिसऱ्या दिवशी हेमकुंड, हाच क्रम. उलटा करू नका. व्हॅलीत चढ बेताचा आहे, शरीराला एक दिवस जास्त मिळतो. हेमकुंडला मात्र सहा किलोमीटरमध्ये हजार-बाराशे मीटर चढायचे असतात.

डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, चालताना तोल जाणं. यातलं काही सुरू झालं की आणखी वर चढायचं नाही. वाढत गेलं तर लगेच खाली उतरायचं, रात्र असली तरी. तोल जाणं किंवा बसल्या जागी धाप लागणं असेल तर वाट बघायचीच नाही. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची की नाही हे घरच्या डॉक्टरांना विचारा, ट्रेकच्या ग्रुपवर नको. सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी तर नक्कीच विचारावं. रक्तदाब, हृदय, दमा असेल तर निघण्याआधी महिनाभर दाखवून या. आणि मुलांना काय होतंय ते सांगता येत नाही. पोर गप्प झालं, खाईना, तर ते रुसलंय असं समजू नका.

म्हणून पुन्हा तेच: त्या पोराला खाली कोण नेणार? आईच, असं गृहीत धरू नका. तिला विचारा.

आता प्रत्येक दिवसाला दोन-तीन शेवट ठरवा, म्हणजे मागे फिरणाऱ्याला आपण हरलो असं वाटणार नाही. व्हॅलीच्या दिवशी पहिला शेवट पुष्पावती नदीच्या पुलापाशी. दुसरा, चढ संपून दरी उघडते तिथे; खरं तर डोळे भरून फुलं इथूनच दिसायला लागतात. तिसरा जोन मार्गारेट लेग हिच्या समाधीपर्यंत. ही वनस्पती गोळा करायला १९३९ मध्ये आली होती आणि घसरून तिथेच गेली. नदीकाठापर्यंतची हौस भाच्यांनी भागवावी. दुपार झाली की आत सोडत नाहीत आणि संध्याकाळी पाचच्या आत बाहेर पडावं लागतं, मुक्काम नाहीच; तेव्हा नाश्ता आटपून नऊला डुलत निघणाऱ्यांचा अर्धा दिवस गेलाच. हेमकुंडच्या दिवशी ज्यांना जायचं नाही त्यांनी घांघरियाच्या वरच्या धबधब्यापर्यंत जावं, गावातल्या गुरुद्वाऱ्यात बसावं, दुपारी झोपावं. तोही दिवसच आहे.

चालण्याला पर्यायही आहेत, पण ते सगळीकडे नाहीत. गोविंदघाटहून पुढे पुलनापर्यंत जीप जाते, तिथून घांघरिया नऊ-दहा किलोमीटर. या वाटेवर आणि हेमकुंडला खेचर मिळतं. व्हॅलीत खेचर नेऊ देत नाहीत. तिथे चालणं, नाहीतर माणसाच्या पाठीवरची कंडी, म्हणजे बसायची टोपली. काकांना हे गाडीत बसायच्या आधी सांगा, व्हॅलीच्या दारात नको. खेचरावर बसलेल्या माणसाचं अंग हलत नाही, म्हणून त्याला चालणाऱ्यापेक्षा जास्त थंडी वाजते. त्याला जास्तीचा स्वेटर द्या. आणि खेचरवाटेवर चालताना खेचर आलं की नेहमी डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही. गोविंदघाटहून घांघरियाला हेलिकॉप्टर आहे. पावसाळी हवेत त्याच्या भरवशावर बेत आखू नका, आणि काही मिनिटांत तीन हजारांवर उतरल्यावर तो दिवस तरी काही करू नका.

खेचर केलं म्हणजे माणूस एकटा पुढे गेला, हे लक्षात ठेवा! चालणारे दोन तास मागे. वरती मावशी एकटी, तिचं स्वेटर तुमच्याकडे, आणि मोबाईलला रेंज असेलच असं नाही. म्हणून जोड्या पाडा. प्रत्येक जोडीकडे आपली औषधं, आपलं पाणी, थोडे पैसे, टॉर्च आणि खोलीत शिरायची सोय. खोलीची किल्ली नेहमी सगळ्यात मागे असणाऱ्याकडे किंवा लॉजच्या काउंटरवर, सगळ्यात पुढच्याकडे कधीही नाही. मागे फिरणाऱ्याबरोबर ज्याचं नाव लिहिलंय त्याने कुरकुर न करता फिरायचं, तेही आदल्या रात्री सगळ्यांसमोर कबूल करून. भाच्यांना हे पटत नाही. त्यांचं नाव पहिलं लिहा. जोडी पडत नसेल, माणसं विषम असतील, तर गाइड एक नाही, दोन घ्या. एक गाइड पुढच्यांबरोबर गेला की मागच्यांना गाइड नाही, इतकं साधं गणित आहे आणि पैसे वाचवताना नेमकं तेच सुटतं.

हेमकुंडला पहाटे पाच-साडेपाचला निघा. दुपारी दोनच्या सुमारास सगळ्यांना खाली धाडतात, वर राहायची सोय नाही. अकरा वाजता जो जिथे असेल तिथून त्याचा हिशेब करा. अजून अर्धी वाट बाकी असेल तर तिथूनच माघार. वर लंगरमध्ये गरम खिचडी आणि चहा मिळतो, त्यावर हात मारा. ऑगस्टमध्ये वरच्या खडकांत ब्रह्मकमळं दिसतात. तोडू नका, तोडू देऊ नका.

सामान: बूट नवे नकोत. छत्री नको, पोंचो घ्या, सॅक झाकणारा. कपडे प्लॅस्टिकच्या पिशव्यांत वेगवेगळे, कारण घांघरियाला ओलं काही वाळत नाही. लोकर किंवा फ्लीसचा एक थर, टोपी, हातमोजे, मोज्यांचे जास्तीचे जोड. जीन्स घरी. काठी प्रत्येकाला, भाच्यांनाही. चढताना हसतात, उतरताना मागतात.

खाणं: राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, भडंग. घांघरियात जेवण मिळतं. पाण्याची बाटली प्रत्येकाची वेगळी आणि तहान नसली तरी घोट घोट. रोख पैसे जोशीमठलाच काढा. चार्जर, पॉवर बँक, आधार कार्ड. बाकी तुम्हाला ठाऊक आहे.

उतरताना गुडघे बोलतात, त्या दिवशी वेळ जास्त धरा आणि पुलनाला अंधार पडायच्या आत पोचा. जोड्या त्याच. परतीची रेल्वे पोचल्या दिवशीची काढू नका. आणि चपला सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा, नाहीतर हरिद्वारपर्यंत ओल्या बुटांत बसावं लागेल.