जर्सीच्या डीनचा शब्द आणि डीनचा हुकूम: नव्या पाळकांसाठी

आपल्या मंडळ्यांतून इंग्लिश खाडीतील जर्सी बेटावर सेवेला येणाऱ्या पाळकांना उपासनेत काही अवघड जात नाही. घोटाळा होतो तो 'डीन' या शब्दापाशी. डीन म्हणजे कॅथीड्रलचे, अर्थात बिशपच्या मुख्य चर्चचे प्रमुख, असे आपल्या मनात पक्के बसलेले असते आणि जर्सीत तर अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचे, कॅथीड्रलच नाही. येथील डीनची नेमणूक ब्रिटिश राजाकडून होते, बारा जुन्या पॅरिशांच्या (बेटाच्या स्थानिक विभागांच्या) रेक्टरांत, म्हणजे मुख्य पाळकांत, ते ज्येष्ठ असतात आणि बेटाच्या विधिमंडळात त्यांना बोलता येते, पण मत देता येत नाही. 1948 च्या सुधारणेत विधिमंडळातील रेक्टरांच्या जागा गेल्या. डीनची तेवढी राहिली.

हे सारे पाठ असूनही मी फसलो, कारण धर्मन्यायालयाचे न्यायाधीशही डीनच असतात, याचा अर्थ मला उमगला नव्हता. 1949 पर्यंत बेटावरची मृत्युपत्रेसुद्धा याच न्यायालयात सिद्ध होत. चर्चच्या इमारतीत बदल करायचा तर त्याची 'फॅकल्टी', म्हणजे रीतसर परवाना, आजही तेथूनच घ्यावा लागतो. मुलांना बसायला जागा व्हावी म्हणून मागचे चार बाक काढण्याचा विचार मी चहाच्या वेळी डीनसाहेबांच्या कानावर घातला. "कल्पना चांगली आहे," असे ते म्हणाले आणि मी तो होकार धरला. "आधी काम उरका, कागद मागाहून करता येतील," असे एका ज्येष्ठ सहकाऱ्यानेही सुचवले. असा सल्ला देणारा माणूस कितीही प्रेमळ असो, त्याला गुरू मानू नका.

शनिवारी बाक निघाले. रविवारी कॉन्स्टेबल आले. येथे कॉन्स्टेबल म्हणजे शिपाई नव्हे, तर पॅरिशचे निवडून आलेले प्रमुख. फरशीवर उमटलेल्या चार फिकट पट्ट्यांकडे ते बराच वेळ पाहत राहिले आणि मग हळू आवाजात म्हणाले, "यांचा खर्च आम्ही सगळेच भरतो." जुन्या पॅरिश-चर्चची डागडुजी घरपट्टीसारख्या स्थानिक करातून होते, तो कर उपासनेला कधीही न येणारे लोकही भरतात. मी बाक काढले होते ते त्यांना न विचारता.

घाबरून जाऊ नका. डीनसाहेब मला रागावून बोलले नाहीत. न्यायाधीश म्हणून आपल्याला खासगीत मत देता येत नाही, एवढेच त्यांनी शांतपणे समजावले. बाक पुन्हा जागेवर बसवून मी रीतसर अर्ज केला आणि सुनावणी होईपर्यंत मुलांना सतरंजीवर बसवले.