टॅग लावला, तरी बिल्डला तो दिसत का नाही?

दारव्ह्याकडच्या एखाद्या गावात बसून, लाइट आली की कामाला लागणाऱ्यांसाठी हे लिहितोय. गिट तुम्हाला येतं असं धरतो. साध्या गिट पुशने टॅग (कमिटला, म्हणजे नोंदवलेल्या बदलाला, लावलेलं नाव) जात नाही, तो वेगळा पाठवावा लागतो, हेही एव्हाना कळलंच असेल. माझा जीव खाल्ला तो पुढच्या गोष्टीने.

आमचं सॉफ्टवेअर जिनिंगच्या वजनकाट्यावर चालतं. कापसाची गाडी मोजली की पावती निघते, तळाशी व्हर्जन नंबर. तो नंबर बिल्डच्या वेळी, म्हणजे कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर तयार होताना, गिट डिस्क्राइब ही कमांड जवळच्या टॅगवरून काढते. लॅपटॉपवर १.४.० यायचं. गिटहब ॲक्शन्सवर, म्हणजे गिटहबच्या सर्व्हरवर आपोआप होणारं, बिल्ड हिरवं (पास), अन् पावतीवर ०.०.०! ऐन हंगामात काटेवाल्याचा फोन, "भाऊ, हे जुनं हाय का नवं?" काय सांगणार?

ब्रँचवर पुश झालं की सर्व्हरवर कोड आणणारी चेकआउटची पायरी मुळात एकच कमिट खाली आणते, म्हणजे फेच-डेप्थ (किती कमिट आणायचे तो आकडा) १. मागचा इतिहास नाही, टॅगही नाहीत. डिस्क्राइबला काही सापडत नाही, ते एरर देतं, आणि स्क्रिप्टमध्ये "नाही मिळालं तर ०.०.०" लिहिलेलं असलं की ती एरर गिळली जाते. ती ओळ आधी काढा. बिल्ड लाल होऊ द्या! लॅपटॉपवर सगळा इतिहास असतो, तिथे रात्रभर तपासलं तरी दोष दिसणार नाही. फेच-डेप्थ ० करा. इथे शून्य म्हणजे सगळं आणा. गिटलॅबवर नव्या प्रोजेक्टला ही खोली २० असते, म्हणून तिथे टॅग मागे पडेपर्यंत सगळं सुरळीत चालतं आणि मग अचानक बिघडतं. टॅग अॅनोटेटेडच (git tag -a ने, संदेशासकट) लावा, साधे टॅग डिस्क्राइब आपणहून धरत नाही.

कुठल्याशा व्हिडिओतली यामल फाइल (बिल्डच्या पायऱ्या लिहिलेली) जशीच्या तशी चिकटवू नका, हे मी कळकळीने सांगतो. तिच्यात दुसऱ्यांच्या ॲक्शन, म्हणजे तयार पायऱ्या, बहुतेकदा टॅगने बोलावलेल्या असतात, आणि टॅग हलवता येतो. मार्च २०२५ मध्ये टीजे-ॲक्शन्सच्या चेंज्ड-फाइल्स या ॲक्शनचे जुने टॅग हल्लेखोरांनी घातक कमिटवर वळवले होते. दुसऱ्याची ॲक्शन वापरताना टॅगऐवजी पूर्ण कमिट हॅश (त्या कमिटची न बदलणारी लांब ओळख) लिहा.

"परत रन कर, होईल" म्हणणाऱ्या सिनियरकडून काही शिकायला मिळत नाही. सोबत लॉग उघडून वाचणारा भेटला तर त्याला धरून ठेवा. आणि घाबरू नका, इंग्रजी कच्चं आहे म्हणून हे होत नाही. पुण्यातली पोरंही इथेच अडकतात.

आज एवढं करा: डिस्क्राइबच्या आधी गिट टॅगची एक ओळ टाका आणि लॉग बघा. यादी रिकामी आली, तर दोष तुमच्या कोडमध्ये नाही, चेकआउटमध्ये आहे.