च्वान्चौ दोन दिवसांत: दगड, ओहोटी आणि कालवं

चीनच्या फूच्येन प्रांताच्या किनाऱ्यावरचं बंदर च्वान्चौ म्हणजे अरब आणि मार्को पोलो ज्याला झैतून म्हणत ते शहर. 2021 साली इथल्या 22 जागा मिळून जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. बावीसच्या बावीस बघण्याचा हट्ट धरू नका. थोड्याच बघा, पण क्रमाने. या शहरातले दगड एका जागेवरून दुसऱ्या जागी गेलेले आहेत, म्हणून क्रम चुकला की समोर काय आहे तेच कळत नाही.

जायचं शक्यतो ऑक्टोबर ते डिसेंबरात. जुलै ते सप्टेंबर वादळांचे महिने. ऑक्टोबरचा पहिला आठवडा आणि चिनी नववर्ष मात्र टाळा, कारण तेव्हा जुन्या शहरातल्या शी-च्ये रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. जवळच्या श्यामन शहरातून वेगवान रेल्वेने साधारण अर्ध्या तासात पोचता येतं. निघण्याआधी अलिपे या चिनी पेमेंट ॲपला कार्ड जोडून घ्या आणि बँकेकडून परदेशी व्यवहार सुरू करून घ्या. तिकडे जाऊन हे करू म्हटलं, तर ओटीपी न आल्याने अडतं. प्रत्येक जागेचं चिनी लिपीतलं नाव फोनमध्ये साठवून ठेवा. टॅक्सीवाल्याला उच्चाराने कळेल या भरवशावर राहू नका.

पहिल्या दिवशी सकाळी सागरी इतिहास संग्रहालय. तो दिवस सोमवार नको, कारण तिकडची संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात. पासपोर्ट जवळ ठेवा. थेट धार्मिक शिळांच्या दालनात जा. अरबी लेखांची थडगी, कमळावर उभे ख्रिस्ती क्रूस आणि देवळांचे कोरीव तुकडे तिथे एकाच ठिकाणी आहेत. शिवलिंगाची पूजा करणारा हत्ती शोधा. च्वान्चौत तमिळ व्यापाऱ्यांचं शिवमंदिर होतं, आणि 1281 सालच्या तमिळ शिलालेखात काळ दिलाय तो शके 1203, चैत्र! चीनवर राज्य करणाऱ्या मंगोल कुब्लाई खानाच्या राज्यात शक मोजणारी माणसं राहत होती. पुढे देऊळ मोडलं आणि त्याचे दगड जिथे गरज पडली तिथे लागले. दालनात तासभर थांबून कोरीवकामाची धाटणी डोळ्यांत भरून घ्या, दुपारी तीच ओळखायची आहे.

तिथून थूमन रस्त्यावरची छिंगचिंग मशीद. बांधणी 1009 ची, आणि 1310 मध्ये शिराझच्या अहमदने ती दुरुस्त केल्याचं अरबी लेख सांगतो. नमाजाच्या जुन्या दालनाला आज छप्पर नाही, नुसत्या भिंती उभ्या आहेत. गुडघे झाकणारे कपडे घाला.

दुपारी खाय्-युआन मंदिर. स्थापना 686 ची. बहुतेक लोक दोन दगडी मनोऱ्यांचे फोटो काढतात (पूर्वेचा सुमारे 48 मीटर, पश्चिमेचा 44) आणि बाहेर पडतात. तुम्ही मुख्य सभागृहाला वळसा घालून मागच्या ओवरीत जा. तिथे सोळा पैलूंचे दोन खांब आहेत, त्याच मोडलेल्या शिवमंदिरातले, मिंग घराण्याच्या काळात इथे बसवलेले. गोल पदकांमध्ये नरसिंह आहे, गजेंद्रमोक्ष आहे, उखळ ओढत दोन झाडं पाडणारा बाळकृष्ण आहे. कीर्तनात ऐकलेली यमलार्जुनाची गोष्ट बौद्ध मंदिराच्या मागच्या अंगाला भेटते. तिथे थेट ऊन पडत नाही, त्यामुळे समोरून फ्लॅश मारला की कोरीवकाम सपाट दिसतं. कडेला उभं राहून तिरकं बघा.

त्याच आवारात 1974 मध्ये हौचू बंदरातून काढलेलं जहाज आहे. उरलेली लांबी 24 मीटरच्या आसपास. आडव्या 12 फळ्यांनी केलेले 13 कप्पे मोजा. एका कप्प्यात पाणी शिरलं तरी बाकीचे कोरडे राहावेत, अशी ती रचना. आत दोन टनांहून जास्त सुगंधी लाकूड सापडलं, मिरीही सापडली. सर्वांत अलीकडचं नाणं 1271 चं, म्हणजे जहाज बुडालं ते त्यानंतर. इथला व्यापार वाऱ्यावर चाले: हिवाळ्यात ईशान्येच्या वाऱ्याने दक्षिणेला जायचं, उन्हाळ्यात नैर्ऋत्येच्या वाऱ्याने परतायचं. कोकणातल्या जुन्या गलबतवाल्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागलं नसतं. 1087 मध्ये इथे सागरी व्यापाराची कचेरी बसली. जहाजांची नोंद, परवाने आणि जकात यांचा कारभार तिच्याकडे होता. चौदाव्या शतकातली बंडाळी, मिंगांची समुद्रबंदी आणि साचत गेलेला गाळ यांनी बंदर संपवलं.

दुसऱ्या दिवसाचं वेळापत्रक ओहोटी ठरवते. शहराच्या ईशान्येला लुओयांग पूल आहे, 1053 ते 1059 मध्ये बांधलेला. नकाशावर नुसतं 'लुओयांग' टाकलंत तर हनान प्रांतातलं दूरचं शहर येईल. 'लुओयांग पूल, च्वान्चौ' असंच शोधा. आदल्या रात्री भरती-ओहोटीचं कोष्टक बघा आणि पाणी सर्वांत खाली जाण्याच्या तासभर आधी पोचा. वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे कालची वेळ आज चालत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सर्वांत खाली जातं. भरतीला आलात तर नुसता लांब दगडी पूल दिसेल, आणि खरी करामत तर पाण्याखाली आहे. बांधणाऱ्यांनी आधी नदीच्या तळाशी दगड टाकून रुंद पाया केला, त्यावर होडीच्या नाळेसारख्या टोकाचे खांब उभारले, आणि त्यावर कालवं वाढवली. कालवांच्या कवचांनी दगड एकमेकांना चिकटले. चुन्याच्या कामाला भरतीच्या पाण्यात वाळायला वेळच मिळाला नसता. म्हणून खांबांवरची कालवं काढू नका. चिखलात उतरणार असाल तर चपला नकोत, कवच तळव्याला कापतं.

उरलेला वेळ श्युनफू गावाला द्या. कालवांच्या मोठ्या शिंपल्यांच्या भिंती मागच्या गल्ल्यांत बघायला मिळतात. पुढच्या रस्त्यावर केसांत फुलं माळून फोटो काढून घेणाऱ्यांची गर्दी असते. ताजी फुलं हवी असतील तर सकाळीच माळा, दुपारपर्यंत मान टाकतात. गर्दी नको असेल तर टॅक्सीने चिन्च्यांगमधलं छाओ-आन हे छोटं देऊळ गाठा. तिथे 1339 ची, खडकात कोरलेली मानीची मूर्ती आहे, जवळजवळ नामशेष झालेल्या एका धर्माच्या इराणी संस्थापकाची.

खाण्यात कालवांचं अंड्यातलं थालीपीठ चुकवू नका. शाकाहारी असाल तर म्येनश्येन-हू या शेवयांच्या लापशीपासून सावध राहा, साधी दिसली तरी रस्सा मांस-मासळीचा असतो. समुद्री शेवाळाची थंडगार जेली, श-हुआ-काओ, मात्र बिनघोर खा.