टार्डिग्रेडची नवी प्रजाती कशी ठरवावी?

ठाण्यात पावसाळा ओसरला, की सोसायटीच्या कुंपणभिंतीवर वाळत चाललेले शेवाळ टार्डिग्रेड (‘जलअस्वल’ म्हणून ओळखला जाणारा सूक्ष्म प्राणी) शोधायला पुरेसे असते. त्यासाठी येऊर गाठू नये, कारण ते जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडते आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय तेथील नमुना उचलता येत नाही. शेवाळ कागदी पाकिटात भरून त्यावर जागा व तारीख लिहावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत त्याला बुरशी धरते. ते रात्रभर पाण्यात भिजवून पिळावे आणि तळाचा गाळ स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली पाहावा. पायांच्या चार जोड्या असलेला, बहुधा अर्ध्या मिलिमीटरहून लहान असा संथ प्राणी हाती लागतो.

त्याच गाळात अंडीही शोधावीत. मॅक्रोबायोटस या टार्डिग्रेडच्या वंशातील कित्येक प्रजातींचे प्रौढ जवळजवळ सारखे असतात. अंड्याच्या कवचावरचे उंचवटे उलट्या पेल्यासारखे आहेत का, त्यांच्या टोकाची चकती दातेरी आहे की गुळगुळीत, यावरून त्या वेगळ्या काढता येतात. या वंशात अंड्याशिवाय नव्या प्रजातीचा दावा करणे मला उतावीळपणाचे वाटते. मिल्नेसियम हा दुसरा वंश मात्र टाकलेल्या कातीतच गुळगुळीत अंडी घालतो, त्यामुळे तेथे नख्यांची टोके मोजावी लागतात.

प्राणी होयर माध्यमात (नमुना स्लाइडवर पक्का बसवणाऱ्या पारदर्शक द्रवात) स्लाइडवर बसवून फेज कॉन्ट्रास्ट (पारदर्शक भागही उठून दाखवणाऱ्या) मायक्रोस्कोपच्या शंभरपटीच्या ऑइल लेन्सखाली मोजावेत. वयाप्रमाणे मापे बदलतात, म्हणून अवयवाच्या लांबीला मुखनलिकेच्या लांबीने भागून शंभराने गुणतात. टार्डिग्रेडचे अभ्यासक पिलाटो यांनी १९८१ मध्ये मांडलेला हा पीटी निर्देशांक आजही वर्णनाचा कणा आहे. शक्य असल्यास तीसेक प्राणी आणि तितकीच अंडी मोजावीत.

नंतर जवळच्या प्रत्येक प्रजातीच्या मूळ वर्णनाशी तुलना करावी. जुनी वर्णने फार त्रोटक असल्याने सीओआय, आयटीएस-२, १८एस आणि २८एस या डीएनए खुणांचा, म्हणजे प्रजाती ओळखण्यासाठी तपासल्या जाणाऱ्या डीएनएच्या ठरावीक तुकड्यांचा, आधार घेतात. डीएनए काढल्यावर उरलेली रिकामी त्वचा टाकू नये, तिचीही स्लाइड करता येते.

शोधनिबंधात होलोटाइप (ज्यावर नाव आधारलेले असते तो एकमेव नमुना), पॅराटाइप (त्याच्या जोडीचे इतर नमुने) आणि ते कोठे ठेवले आहेत याचा उल्लेख हवा. जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ नुसार नव्या प्रजातीची माहिती नियुक्त संस्थेला कळवून नमुने तेथे जमा करणे बंधनकारक असून, प्राण्यांसाठी अशी संस्था म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण. नाव थोरांवरून ठेवता येते. तमिळनाडूतील मंडपमच्या किनाऱ्यावरील बॅटिलिपिस कलामी हे अब्दुल कलामांवरून ठेवलेले नाव २०२३ मधले उदाहरण आहे. निबंध केवळ ऑनलाइन निघणार असेल, तर झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीतील नोंदणीचा पुरावा त्यातच छापलेला असावा, अन्यथा ते नाव ग्राह्य धरले जात नाही.