न तळता, न शिजवता मटार करंजी

मटार करंजी तेलाचं मोहन घालून केली की आपसूक व्हीगन, म्हणजे दूध-तुपाशिवायची होते. इथे मात्र करायची आहे ती रॉ व्हीगन, म्हणजे शिवाय न शिजवलेली, आणि अडचण या ‘रॉ’ शब्दात आहे. रॉ आहारवाले साधारण ४६ अंशांच्या वर काही तापवत नाहीत, म्हणजे मैदा, रवा, तळण सगळंच बाद. अशी करंजी खुसखुशीत होत नाही, ती अपेक्षाच ठेवू नका. ती लुसलुशीत, कडेला किंचित चिवट लागते, आणि कोवळ्या मटाराचा गोडवा मात्र तळलेलीपेक्षा जास्त कळतो.

पारी कोवळ्या खोबऱ्याची. शहाळेवाल्याकडे जाड मलईची शहाळी मागा. पातळ मलई मिक्सरमध्ये पाण्यासारखी होते, आणि पार जून झालेल्या खोबऱ्याची पारी वाळल्यावर तडकते. पंधरा करंज्यांना ३०० ग्रॅम मलई, १०० ग्रॅम गाजर, २ टेबलस्पून जवसाची पूड, अर्धा चमचा सैंधव, चमचाभर लिंबाचा रस आणि लागेल तसं ४-५ टेबलस्पून पाणी. जवस भाजायचे नाहीत, कच्चेच दळायचे. सगळं अगदी गंधासारखं वाटून १५ मिनिटं झाकून ठेवा. तेवढ्यात जवस फुगून चिकट होतो आणि पारीला लवचिकपणा त्यानेच येतो. मिश्रण धिरड्याच्या पिठाहून घट्ट, थालीपिठाच्या पिठाहून सैल हवं.

डिहायड्रेटरच्या (मंद गरम हवेवर पदार्थ वाळवायच्या यंत्राच्या) ट्रेवर बटर पेपर घालून ११ सेंटिमीटरची वर्तुळं थापा, जाडी ३ मिलिमीटर. कडा मधल्या भागाएवढ्याच जाड ठेवा. पातळ कडा आधी कडक होतात आणि नेमक्या मिटतानाच फुटतात. ४५ अंशांवर साधारण ३ तास, मग उलटून, कागद सोलून आणखी तासभर. पारी बोटाला चिकटत नाही, पण दुमडली की विनातक्रार दुमडते, तिथेच थांबा. सगळी कसोटी या शेवटच्या अर्ध्या तासाची. जास्त वाळलीच तर पाण्याचा हात लावून ओल्या फडक्यात दहा मिनिटं गुंडाळा, बऱ्याचदा वाचते. साध्या ओव्हनचं तापमान सहसा एवढं खाली उतरत नाही.

सारणाला दीड वाटी कोवळे मटारदाणे. फ्रोझन नकोत, ते गोठवण्याआधी गरम पाण्यातून काढलेले असतात. जून दाणे पिठूळ लागतात, शिवाय पोटाला जड. अर्धी वाटी ओलं खोबरं, पाव वाटी मगज (कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया, ४ तास भिजवून निथळलेल्या), ३ हिरव्या मिरच्या, इंचभर आलं, मूठभर कोथिंबीर, अर्धा चमचा कुटलेलं जिरं, साखरेऐवजी एक खजूर. काजू मुद्दामच घेतलेले नाहीत: बाजारात ‘कच्चे’ म्हणून मिळणारेही टरफल काढण्यासाठी सहसा वाफवलेले वा भाजलेले असतात. हिंगाच्या डबीत बहुतेक वेळा मैदा असतो, तोही टाळा.

आधी मगज, मिरच्या, आलं, खजूर वाटा, मग मटार घालून दोन-तीनदा फक्त फिरवून थांबा. भरड हवं, पेस्ट झाली की करंजीत चटणी भरल्यासारखं होतं. मग खोबरं, कोथिंबीर, जिरं मिसळा. मीठ आणि २ चमचे लिंबू अगदी शेवटी घाला, चाळणीत दहा मिनिटं ठेवा आणि सुटलेलं पाणी हलक्या हाताने पिळून काढा. करंजी खालून भिजून फाटते ती बहुधा या पाण्यानेच.

चिकटवायला चमचाभर जवस पूड २ टेबलस्पून पाण्यात दहा मिनिटं भिजवा. पारीच्या अर्ध्या कडेला हा लेप बोटाने लावा, मधोमध जेमतेम दीड टेबलस्पून सारण, दुमडा आणि कड दाबून धरा. मुरड घालायला जाऊ नका, पीळ पडला की पारी तुटते. साचा आणि कातणंही डब्यातच राहू द्या. भरलेल्या करंज्या पुन्हा ४५ अंशांवर तासभर ठेवल्या की जोड पक्का होतो. त्याहून जास्त वेळ नको, ओलं सारण अशा कोमट हवेत लवकर आंबतं. आंबूस वास आला तर टाकून द्या.

त्याच दिवशी खा. रिकाम्या पाऱ्या, एकेकीच्या मध्ये बटर पेपर घालून, हवाबंद डब्यात, फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहतात. सारण मात्र आयत्या वेळी.