गट सोडायचाय? नोटीस इतक्यात देऊ नका

‘तुमचा देश युरोपीय संघातून बाहेर पडतोय, पहिलं काम काय?’ असं वर्गात विचारलं की बहुतेक उत्तरपत्रिका ‘कलम 50 ची (म्हणजे संघ सोडण्याच्या तरतुदीची) नोटीस द्यावी’ इथूनच सुरू होतात. तिथेच मी गुण कापते.

नोटीस कधी द्यायची, एवढंच तर सर्वस्वी तुमच्या हातात असतं. दिली की बाहेर पडण्याची दोन वर्षांची मुदत धावू लागते, आणि ती वाढवायला उरलेल्या प्रत्येक देशाची संमती लागते. ब्रिटनने 29 मार्च 2017 ला पत्र दिलं. नेमकं काय हवंय यावर मंत्रिमंडळाला एका टेबलाशी बसवलं ते जुलै 2018 मध्ये, चेकर्स या पंतप्रधानांच्या गावाकडच्या निवासस्थानी. तेही टिकलं नाही, दोन बडे मंत्री लगेच राजीनामा देऊन मोकळे झाले. पंधरा महिने घरच्या भांडणात! नोटिशीआधी बोलणी नाहीत, असं संघाने बजावलं होतं हे खरं. चालेल की. तो काळ आपल्याच संसदेशी बोलण्याचा. विरोधकांनाही तेव्हाच सोबत घ्या. तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी घेतलं नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये त्यांचा बाहेर पडण्याचा करार संसदेत 432 विरुद्ध 202 मतांनी आपटला.

मग अटी एका कागदावर लिहा आणि त्या एकत्र नांदतात का ते बघा. ब्रिटनला संघाची एकल बाजारपेठ (मालाचे समान नियम) आणि सीमाशुल्क संघ (आपसात जकात नाही) सोडायचा होता, आयर्लंड बेटावर, म्हणजे ब्रिटनचं उत्तर आयर्लंड आणि संघातला आयर्लंड देश यांच्या सीमेवर, तपासणी नाके नको होते, आणि उत्तर आयर्लंड व उरलेल्या ब्रिटनमध्येही तपासणी नको होती. यातल्या कुठल्याही दोन जमतात, तिन्ही नाही. नियम वेगळे झाले की माल कुठेतरी तपासावाच लागतो. कुठल्या अटीवर पाणी सोडायचं ते आधीच ठरवा. डिसेंबर 2017 मध्ये संघाचे मुख्य वाटाघाटीकार मिशेल बार्निए यांनी पायऱ्यांची एक आकृती मांडली. प्रत्येक पायरी म्हणजे एखाद्या देशाचं संघाशी असलेलं नातं: नॉर्वे, स्वित्झर्लंड, युक्रेन, तुर्कस्तान, एकेक पायरी ब्रिटनच्याच अटींनी बाद होत गेली आणि खाली उरला कॅनडा किंवा दक्षिण कोरियासारखा व्यापार करार. ही आकृती समोरच्याच्या आधी तुम्ही काढायची.

चर्चेच्या क्रमावर भांडायची तयारी नसेल तर गर्जना करू नका. आधी नागरिकांचे हक्क, ब्रिटनने संघाला द्यायची देणी आणि आयरिश सीमा, व्यापार नंतर, हा संघाचा आग्रह. यावर मोठा वाद होणार असं ब्रिटनचे ब्रेक्झिट मंत्री डेव्हिड डेव्हिस सांगत होते, आणि 19 जून 2017 ला, बोलणीच्या पहिल्याच दिवशी, त्यांनी तो क्रम मान्य केला. देण्यांचा हुकमी पत्ता व्यापाराचा विषय निघण्याआधीच हातातून गेला. ‘कराराविना जाऊ’ ही धमकीही बंदरांवर माणसं आणि यंत्रणा उभी असेल तरच द्या.

आणि समोरच्याला तुमच्याकडचं काय हवंय ते हेरा. ग्रीनलंड 1985 मध्ये युरोपीय समुदायातून (संघाच्या आधीच्या रूपातून) बाहेर पडलं, तेव्हा त्याच्या हाती मुख्यतः मासेच होते. त्याने समुदायाच्या बोटींना मासेमारी करू दिली, बदल्यात पैसे घेतले आणि स्वतःची मासळी जकातीविना त्या बाजारात विकायची मुभा मिळवली. ब्रिटनची व्यापार कराराची बोलणीही 24 डिसेंबर 2020 पर्यंत, त्या कराराच्या मुदतीला आठवडा उरेपर्यंत, मासळीवरच अडली होती.