जाम झालेले इंजिन कसे सोडवले: १९७० ची प्लिमथ रोड रनर

अ‍ॅरिझोनातील भंगार यार्डात मिळालेल्या या गाडीच्या चासी क्रमांकात पाचव्या जागी ‘व्ही’ हे अक्षर होते, म्हणजे कारखान्यातूनच तिच्यात ४४० घनइंची, तीन कार्बोरेटरचे, ३९० अश्वशक्तीचे इंजिन बसवलेले होते. अशी गाडी भंगारात जाऊ देणे मला मान्य नव्हते. वाळवंटी हवेमुळे पत्रा शाबूत होता, पण इंजिन जाम होते. अशा वेळी स्टार्टर मुळीच मारू नये, पिस्टनच्या रिंगा तुटतात. आठही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये अ‍ॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचे तेल समप्रमाणात मिसळून ओतले (अ‍ॅसिटोन चटकन पेटते, म्हणून हे काम उघड्यावरच करावे), आणि ते पुरते मुरल्यावर क्रँकच्या (पिस्टन ज्याला जोडलेले असतात त्या फिरत्या दांड्याच्या) बोल्टला लांब दांड्याचा पाना लावून हळूहळू मागे-पुढे हलवत राहिलो. क्रँक सरकला, तसे प्लगच्या भोकांतून तांबूस तेल बाहेर आले. मग तेल आणि फिल्टर बदलून, तेलाचा दाब चढल्याची खात्री झाल्यावरच इंजिन सुरू केले.